मिठ्ठूचा घास

येरळीच्या पुलाच्या अलीकडं रस्त्यात म्हैस आडवी आली, देवानंद ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला, आणि नांदुरा-संग्रामपूर गाडीच्या मधल्या वाटेवर तीन कवळ्या सांडल्या.

गुलाबी हिरड्या, पांढरेशुभ्र दात. पुढच्या बाकावरची बाई ‘अवो माय!’ करत पाय वर घेऊन बसली. मागून कोणीतरी खो-खो हसलं. एक कवळी घसरत थेट कंडक्टरच्या सीटखाली गेली आणि तिथल्या झाकणाच्या बादलीला टेकून दात विचकत थांबली.

“कोणाचे दात हायेत हे?” महामाया उभी राहून गरजली. सहा वर्षं गर्दीच्या गाड्यांत तिकिटं देऊन तिचा आवाज असा झाला होता की, शेवटच्या बाकावर झोपलेला माणूसही आपोआप खिशात हात घालायचा.

“माहे,” वाटेत गुडघ्यावर बसलेला एक तरुण म्हणाला, आणि स्वतःच गोंधळला. “म्हणजे... माहे नाई. लोकायचे हायेत. मी बनवतो.”

त्याचे स्वतःचे दात जागच्या जागी होते. तो ओशाळं हसला तेव्हा ते दिसले, आणि चांगले होते. कंडक्टरच्या नजरेतून काय सुटतं? पण महामायाला आज हसू फुटत नव्हतं. तिनं घाईघाईनं बादलीचं झाकण काढलं. आतलं पाणी हिंदकळत होतं. ती वाकली... कवळी उचलायला तोही वाकला, आणि दोघांची डोकी बादलीवर एकत्र आली.

आत मुठीएवढा मासा होता. हिरवट सोनेरी पाठ, तिच्यावर काळे गोल ठिपके, पांढरं पोट आणि गरागरा फिरणारे दोन शहाणे डोळे. डिवचला की पोटात पाणी भरून चेंडू होणारा पफर मासा. पण आज त्याच्यात चेंडू व्हायचंही त्राण नव्हतं. पोट आत गेलं होतं.

“अरे,” तरुण हळूच म्हणाला, “याचे तं दात वाढले.”

महामायानं झटकन मान वर केली. “तुमाले काय माहीत?”

“दिवसभर दातच पाहतो, मॅडम. वरचा खालच्यावर चढला. तोंडच उघडत नसन धड. घास घ्यायले जातो अन् सुटून जातो... हाव ना?”

हाव. अगदी तसंच होत होतं. गेले तीन आठवडे मिठ्ठू घासाकडं धावायचा, तोंड लावायचा आणि घास सुटून तळाला जायचा. मग तो त्या घासाकडं नुसता पाहत राहायचा. ते पाहणं महामायाला सोसत नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी दहावीच्या निकालाला आईनं सायकल देऊ केली होती, तर या पोरीनं खामगावच्या दुकानातून मासा आणला. पोपटासारखी चोच, म्हणून नाव मिठ्ठू. कंडक्टरच्या परीक्षेचा अभ्यास तिनं त्याच्या काचेच्या टाकीशेजारी बसून केला. अजूनही ती ड्यूटीवरून आली की तो काचेपाशी येऊन असा वळवळायचा की कुत्र्यानं लाजावं. आज तिनं त्याला बादलीत घालून नांदुऱ्याला जनावरांच्या डॉक्टरकडं नेलं होतं. डॉक्टर भला माणूस. म्हणाला, दात कापावे लागतील. लवंगेच्या तेलाचे थेंब पाण्यात टाकले की भूल चढते, मग काम पटकन उरकायचं. पण माझा हात बैलांच्या शिंगांवर बसलेला, एवढं बारीक मला जमायचं नाही. आणि कोणी केलं नाही, तर आठ-दहा दिवस.

“कापता येतीन?” महामायानं विचारलं.

“मले?”

“नाई, त्या म्हशीले.”

तो पुन्हा हसला, मग एकदम गंभीर झाला. “मॅडम, मी निर्जीव दात घासतो. जित्या जिवावर हात चालवला नाई कधी.”

“मंग आता चालवा.” तिनं त्याची कवळी उचलून त्याच्या हातात ठेवली, पण सोडली नाही. “नाव?”

“संघर्ष.”

“नाव असं, अन् माश्याले भेता?”

पुढून देवानंदनं हॉर्न वाजवला. म्हैस केव्हाच निघून गेली होती.

“तीन दिवस द्या,” संघर्ष म्हणाला. “रविवारी येतो. हात बसवून येतो.” तेव्हा कुठं तिनं कवळी सोडली.

* * *

रविवारी तो खरंच संग्रामपूरला तिच्या घरी आला. हातात लवंगेच्या तेलाची बाटली, नखाच्या कडेची कातडी कापतात तसली बारीक पकड, आणि मऊ सुती कापड. नांदुऱ्याच्या स्टेशन रोडवर एका दातांच्या दवाखान्यामागं त्याची कवळ्या बनवायची खोली होती. तिथं तीन दिवस रोज संध्याकाळी तो पाण्याच्या परातीत भुईमुगाच्या शेंगा धरून त्यांची टोकं कापत बसला होता, आतल्या दाण्याला धक्का न लावता. हे त्यानं स्वतः सांगितलं नाही. त्याच्या बोटांना शेंगांची माती दिसली, म्हणून तिनं विचारलं आणि त्याला सांगावं लागलं.

“जय भीम, काकू,” त्यानं दारातच हात जोडले.

“जय भीम, बापू. ये.” महामायाची आई जनकाबाई विहारातून नुकतीच आली होती. वर्षावासाचे, पावसाळ्यातल्या तीन महिन्यांच्या व्रताचे दिवस होते, रोज दुपारी ग्रंथवाचन असायचं. तिनं पांढऱ्या लुगड्याचा पदर सावरला आणि टाकीकडं पाहून सुस्कारा सोडला. “पोरीले समजव जरा. म्हातारा झाला तो. सुखानं जाऊ द्यावं.”

“आई, तो म्हातारा हाये अन् उपाशी हाये,” महामाया म्हणाली. “म्हातारपणाले माहा इलाज नाई. उपाशीपणाले हाये.”

जनकाबाई टाकीपासून दोन पावलं मागं सरली. का, ते तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही.

टबात टाकीतलंच खारवलेलं पाणी घेतलं. वेगळ्या बाटलीत तेलाचे थेंब पाण्याशी खळखळून मिसळले आणि ते थोडं थोडं टबात सोडलं. सगळ्या घरात लवंगेचा वास भरला. महामायानं मिठ्ठूला पाण्यातल्या पाण्यात ओंजळीनं टबात आणलं. उघड्या हवेत धरायचं नाही, घाबरून हवा गिळली तर जिवावर बेतेल, हे तिनं संघर्षला दोनदा बजावलं होतं. तो दोन्ही वेळा ‘हाव मॅडम’ म्हणाला होता, शाळेतल्या पोरासारखा.

मिठ्ठू हळूहळू कलला. डोळे फिरायचे थांबले.

“तुमीच धरा,” संघर्ष म्हणाला. “तुमचा हात ओळखतो तो.”

ओल्या कापडात, पाण्याखाली, तिनं त्याला धरलं. संघर्षचा डावा हात खालून आला आणि तिच्या बोटांखाली टेकला... आधारासाठीच. पण पाणी गार होतं आणि तो हात ऊन होता, आणि ती कल्ल्यांची हालचाल मोजत होती ती क्षणभर चुकली. आठ की नऊ? तिला स्वतःचाच राग आला.

“मोजा,” तो पुटपुटला.

“मोजतेच हाये!”

कट्. नखाएवढा तुकडा तळाला गेला. कट्. दुसरा. मग संघर्षचा हात थांबला. कपाळावरून घामाचा थेंब ओघळून नाकाच्या शेंड्यावर आला होता.

“खालचा राह्यला,” तो म्हणाला. “तो ओठाले चिकटून हाये. लागलं तं...”

“थांबू नका.”

“मॅडम, लागलं तं—”

“संघर्ष.” पहिल्यांदाच तिनं नुसतं नाव घेतलं. “मी धरलं हाये. तुमी कापा.”

त्यानं तिच्याकडं पाहिलं, श्वास रोखला, आणि कापलं.

दुसऱ्या टबातल्या स्वच्छ खारवलेल्या पाण्यात मिठ्ठू दगडासारखा पडून राहिला. टाकीच्या पंपाच्या नळीतून येणाऱ्या पाण्यासमोर त्याचं तोंड धरून महामाया त्याला हळूहळू हलवत बसली. किती वेळ गेला कोण जाणे. बाहेर भुरभुर पाऊस येऊन गेला, अंगणातले वाळत घातलेले कपडे भिजले, आणि कोणीही उठलं नाही. मग शेपटीजवळचा एक पंख थरथरला. छातीजवळचा पंख हलला. मिठ्ठूचा एक डोळा फिरला आणि सरळ महामायावर येऊन थांबला.

ती रडली. गाडीत भांडणारे दोघे एका दमात खाली उतरवणारी ती बाई, टबाच्या काठावर कपाळ टेकून रडली. संघर्षनं तिच्या हाताशी ते सुती कापड सरकवलं. ते ओलं होतं. तिनं तशाच कापडाला डोळे पुसले.

* * *

संध्याकाळी मिठ्ठूनं भिजवलेल्या सुकटाचा मऊ घास गिळला. एकदा, दोनदा, तीनदा! महामायानं टाळी वाजवली. पण संघर्ष कापलेले तुकडे तळहातावर घेऊन दिव्याखाली पाहत होता.

“काकू,” तो म्हणाला, “हा आधी काय खाये?”

“हेच,” महामाया म्हणाली. “अन् गोगलगायी. आई ओढ्यावरून आणते.”

“मंग हे दात घासलेले पाहिजेत. कवचं फोडून फोडून झिजतात ते. यावर तं एक ओरखडा नाई. वर्षभर यानं कडक काही फोडलंच नाई.” तो आपल्या धंद्यातलं बोलावं तसं सहज बोलत होता. “असंच राह्यलं तं तीन-चार महिन्यात परत वाढतीन. अन् या वयात दुसऱ्यांदा भूल दिली, तं तो उठन का नाई, मी सांगू शकत नाई.”

महामायानं त्याला डोळ्यांनी दटावलं, कारण तिनं आईचा चेहरा पाहिला होता. पण फार उशीर झाला होता.

“मी बंद केल्या,” जनकाबाई म्हणाली. “मागच्या वर्षावासात पंचशील घेताना मनात आलं, आपण रोज ओंजळभर जीव मराले आणतो. बंद केल्या. वर्षावास सरला, पण हात काही परत गेला नाई. वाटलं, तोही म्हातारा झाला. माहे दात पडले तवा मले मऊ भात बरा वाटला, त्यालेही बरा वाटन. बारीक करून करून चारलं मी...” तिनं पदर डोळ्यांना लावला. “मी पुण्य कराले गेली अन् मुक्या जिवाले उपाशी मारलं.”

‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ असं आपण म्हणतो. इथं तर चणे बंद केले म्हणून दातच गळ्याशी आले होते. आणि दोष कोणाला द्यायचा? मायेला?

महामाया संघर्षला एसटी स्टँडपर्यंत सोडायला गेली ती भांडायलाच. “आईचं तोंड पाहिलं ना मी! अंदाज आला होता! आईसमोर बोलाची काय गरज होती?”

“मले नव्हतं माहीत, मॅडम.”

“रडवलं तिले तुमी.”

तो थांबला. गाडी सुटायला आली होती. “हाव, रडवलं,” तो शांतपणे म्हणाला. “पण लपवलं असतं तं काकूनं उद्याही मऊच चारलं असतं. मले वाटलं, तुमाले तो जगवाचा हाये.”

खऱ्या बोलण्याचा राग जास्त येतो. ती पाठ फिरवून निघून गेली.

* * *

सोमवारी गाडीत संघर्ष नव्हता. असणारही नव्हता. कवळ्या पोचवायला तो आठवड्यातून एकदाच संग्रामपूरला यायचा. तरी नांदुऱ्याला दोनदा दरवाजातून खाली पाहून मगच तिनं घंटी दिली. मंगळवारी तीनदा.

“कोणी राह्यलं का?” देवानंदनं आरशातून विचारलं.

“समोर पाहून चालवा, भाऊ.”

घरी वेगळाच पेच होता. महामाया आईला म्हणाली, “मी आणते गोगलगायी. शील तुनं घेतलं, मी नाई.”

“माह्या घरात?” जनकाबाईनं विचारलं. मग टाकीसमोर जाऊन बसली. मिठ्ठू तिच्यासमोर येऊन वळवळत होता. त्याचा राग नव्हताच कोणावर. “शील माहं हाये अन् जबडा त्याचा,” ती शेवटी म्हणाली. “माह्या शिलापायी त्याचा जबडा बंद झाला, हे काही बुद्धानं सांगितलं नाई. आण तू. मी त्या वेळी विहारात जाईन.” पण हे म्हणताना तिनं डोळे मिटून घेतले होते. महामायाला एक जिंकून दुसरं हरायचं नव्हतं. तिला दोन्ही पाहिजे होतं, मासाही आणि आईचं मनही. कसं, ते माहीत नव्हतं. होणार एवढं मात्र माहीत होतं.

बुधवारी संघर्ष गाडीत चढला. बगलेत पत्र्याचा डबा, केसांत पांढरी भुकटी, डोळे तारवटलेले.

“संग्रामपूर,” तो तिच्याकडं न पाहता म्हणाला.

“कवळ्या हायेत?”

“नाई.” त्यानं डबा उघडला.

आत गोगलगायी होत्या. बोराएवढ्या, पांढऱ्या, वळणावळणाच्या, डझनभर. तिनं एक उचलली. हलकी होती. कवळीचा साचा ज्यात उठवतात त्याच प्लास्टरची, रिकाम्या शंखावरून साचा काढून ओतलेली, नखाएवढ्या पातळ कवचाची. आतून पोकळ.

“पोकळीत सुकट भरायचं,” तो भराभर सांगू लागला. “ते खायचं असन तं कवच फोडावंच लागन. कोणाचा जीव जात नाई, अन् दात झिजतात. पहिला घाणा लयच कडक झाला, हातोडीनं फुटला. दुसरा पाण्यात विरघळला. हा तिसरा हाये. रातभर पाण्यात ठेवून पाह्यला. काकूचं शील...” तो अडखळला. “काकूले मीच रडवलं ना. मंग मीच काहीतरी...”

महामायाच्या हातात तिकिटाचं यंत्र होतं आणि तिकीट काढायचं ती विसरली. ज्या माणसावर आपण तीन दिवस रागावलो होतो, तो तीन दिवस आपल्या आईसाठी गोगलगायी घडवत बसला होता. अशा वेळी माणसाला फक्त दोनच गोष्टी करता येतात, आणि त्यातली एक भरल्या गाडीत करता येत नाही. म्हणून तिनं दुसरी केली.

“सरका,” ती म्हणाली, आणि पुढच्या थांब्यापर्यंत त्याच्या शेजारी बसली.

* * *

त्याच संध्याकाळी जनकाबाईनं स्वतःच्या हातानं पोकळ्या भरल्या. सुकट बारीक वाटून, करंगळीनं दाबून, करंजीत सारण भरावं तसं. पहिली गोगलगाय टाकीत सोडली. मिठ्ठूनं ती एका डोळ्यानं पाहिली, दुसऱ्या डोळ्यानं पाहिली, आणि तोंड फिरवलं.

दुसरी. तिलाही तसंच.

“हालत नाई ना ती,” संघर्ष पडक्या आवाजात म्हणाला. “मुडदा हाये. त्याले कळते.”

“मंग हालवू.” महामायानं दोरा आणला. तिसरी गोगलगाय दोऱ्याला बांधली, खाली सोडली आणि काचेच्या कडेनं इंच इंच सरकवू लागली. पाच मिनिटं. दहा मिनिटं. हात भरून आला. संघर्ष म्हणाला, “द्या, मी धरतो,” तर ती म्हणाली, “तुमी दात पाहा.” पंधरा मिनिटं. पोटात भूक आणि समोर हलणारं कवच... वर्षभरापूर्वीचं काहीतरी त्या म्हाताऱ्याच्या अंगात जागं झालं. तो वळला. पंख फडफडत दबकत दबकत जवळ आला.

महामायानं दोरा धरून ठेवला.

कट्!

काचेतून बाहेर ऐकू आलं. कवचाचे तुकडे पांढऱ्या धुळीसारखे खाली उतरले आणि मिठ्ठूनं आतला घास ओढून घेतला. मग स्वतःहून तळाशी गेला आणि पडलेली दुसरी गोगलगायही फोडली. कट्. जनकाबाईनं दोन्ही हात जोडले. ती टाकीकडं पाहत होती, पण हात संघर्षकडं जोडलेले होते.

“बापू,” ती म्हणाली, “लय मोठं काम केलं तू.” आणि डोळे पुसत चहा ठेवायला आत गेली. चहाला त्या दिवशी जरा जास्तच वेळ लागला. आई होती ती. तिलाही डोळे होते.

टाकीपाशी दोघंच उरले. महामायानं दोरा बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

“डबाभर करून देतो,” संघर्ष म्हणाला. “साचाही ठेवून जातो. प्लास्टर कसं कालवाचं, काकूले दाखवतो. सोपं हाये. मंग... तुमाले मी लागणार नाई.”

“हाव,” ती म्हणाली. मिठ्ठू जगावा म्हणून तिनं आकाशपाताळ एक केलं होतं. तो जगला की हा माणूस यायचा थांबेल, याचा हिशोब तिनं केलाच नव्हता.

संघर्षनं रविवारी इथंच राहिलेली पकड कापडात गुंडाळली. पुन्हा सोडली. पुन्हा गुंडाळली.

“एक इचारू?” तो म्हणाला. “कवळ्यायचं काम तं आठवड्यातून एकदाच राहते. मिठ्ठूचंही झालं. आता बाकी दिवशी इकडं याले माह्यापाशी काहीच कारण नाई...” त्यानं मान वर केली. “बिनकारण आलो, तं चालन का?”

आत चहाच्या भांड्याचा आवाज थांबला होता. महामायानं दोरा टाकीच्या काठावर ठेवला, त्याच्या समोर येऊन उभी राहिली आणि गाडीतल्या त्या आवाजात नाही, अगदी हळू म्हणाली,

“बिनकारण काऊन? माह्यासाठी या ना.”